शल्यचिकित्सेतील निवासी विद्यार्थी आणि संशोधनाचे प्रशिक्षण : एक चिकित्सा

प्रास्ताविक

वैद्यकीय महाविद्यालयाशी संलग्न रुग्णालयाची उपचार, अध्यापन आणि संशोधन अशी तीन कार्ये सांगितली जातात. प्रत्यक्षात या तिन्ही कार्यांचा भार ज्याच्या खांद्यावर येतो, तो घटक म्हणजे पदव्युत्तर अभ्यासक्रमाचा निवासी विद्यार्थी, म्हणजेच रेसिडेंट. तो वॉर्ड सांभाळतो, तातडीच्या शस्त्रक्रियांना उभा राहतो, पदवीच्या विद्यार्थ्यांना रुग्णाच्या खाटेशी शिकवतो आणि याच काळात स्वतःचा प्रबंधही लिहितो. प्रस्तुत लेखात महाराष्ट्रातील अध्यापन रुग्णालयांत जनरल सर्जरी या विषयात एम. एस. करणाऱ्या रेसिडेंटला संशोधनाची कोणती संधी मिळते आणि जी मिळते तिला प्रशिक्षण म्हणता येईल काय, याचा विचार करावयाचा आहे.

संधी अपुरी आहे, ही या क्षेत्रातील नेहमीची तक्रार. वस्तुतः येथे संधी नुसती उपलब्ध नाही, तर सक्तीची आहे. प्रबंध स्वीकारला गेल्याशिवाय अंतिम परीक्षेला बसता येत नाही. मानव्यविद्येच्या कोणत्याही पदव्युत्तर विद्यार्थ्यावर एवढ्या काटेकोरपणे संशोधन लादलेले नाही. तेव्हा प्रश्न संधीच्या संख्येचा नसून तिच्या घडणीचा आहे.

परंपरा नव्हती असेही म्हणता येत नाही. सेठ गोर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय व के. ई. एम. रुग्णालय यांच्या अध्यापकवर्गाने 'जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन' हे नियतकालिक १९५५ मध्ये सुरू केले. त्याच वर्षी डॉ. वि. ना. शिरोडकर यांनी वारंवार होणाऱ्या गर्भपातांवरील आपली टाक्याची पद्धती 'अँटिसेप्टिक' या मद्रासहून निघणाऱ्या मासिकात प्रसिद्ध केली. पुढे ती जगभर त्यांच्याच नावाने ओळखली गेली. जे. जे. रुग्णालयात डॉ. नोशीर अँटिया यांनी कुष्ठरुग्णांच्या विरूपतांवर केलेले काम याच परंपरेतले. सार्वजनिक रुग्णालयातील रोजच्या रुग्णांतून प्रश्न उचलायचा आणि त्याचा वर्षानुवर्षे पाठपुरावा करायचा, हे या कामांचे समान लक्षण होते. आजच्या प्रबंधात नेमके तेच दिसत नाही.

नियमांचा मजकूर

भारतीय वैद्यक परिषदेची पदव्युत्तर शिक्षणाची नियमावली २००० ची. सप्टेंबर २०२० मध्ये परिषदेची जागा राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने घेतली आणि आयोगाची नवी नियमावली २०२३ मध्ये आली. दोन्ही मजकूर शेजारी ठेवून वाचण्यासारखे आहेत. प्रबंध परीक्षेच्या किमान सहा महिने आधी सादर करावा, ही अट दोन्हींत आहे. जुन्या नियमावलीत पुढे एक तरतूद घातली गेली. तीनुसार विद्यार्थ्याने एक पोस्टर मांडावे, परिषदेत एक निबंध वाचावा आणि एक शोधनिबंध प्रसिद्ध झालेला, स्वीकृत झालेला किंवा प्रसिद्धीसाठी 'पाठवलेला' असावा. यातील शेवटचा शब्द बोलका आहे. निबंध कोठे पाठवला आणि त्याचे पुढे काय झाले, याच्याशी नियमाला कर्तव्य नव्हते. पाठवल्याचा पुरावा पुरेसा होता. अशा अटीतून ज्ञानाची नव्हे, तर पोचपावत्यांची निर्मिती होणे स्वाभाविक होते.

२०२३ च्या नियमावलीने ही पळवाट बुजवली. पोस्टर, तोंडी सादरीकरण किंवा प्रथम लेखक या नात्याने प्रसिद्ध अथवा स्वीकृत झालेला निबंध यांपैकी किमान एक पुरे, असे तिने ठरवले. ओझे कमी झाले, ही स्वागतार्ह गोष्ट होय. याखेरीज संशोधनपद्धतीचा एक ऑनलाइन अभ्यासक्रम सक्तीचा आहे. चेन्नईच्या राष्ट्रीय साथरोगशास्त्र संस्थेने तयार केलेला हा अभ्यासक्रम आशयाच्या दृष्टीने चांगला आहे. संशोधनप्रश्न कसा मांडावा, नमुना किती घ्यावा, पूर्वग्रह कोठून शिरतात, हे त्यात स्पष्टपणे शिकवले जाते. परंतु त्याचे मूल्यमापन बहुपर्यायी प्रश्नांनी होते. टाका कसा घालावा हे बहुपर्यायी प्रश्नांनी तपासावे, असे कोणताही शल्यचिकित्सक सुचवणार नाही.

नियमावलीतील आणखी एक शब्द ध्यानात घ्यावा लागतो. विद्यार्थ्यांनी 'वाजवी' तास काम करावे आणि त्यांना 'वाजवी' विश्रांती मिळावी, असे २०२३ ची नियमावली म्हणते. आकडा देत नाही. आयोगानेच नेमलेल्या मानसिक आरोग्यविषयक कृतिगटाने २०२४ मध्ये आठवड्याला ७४ तासांची कमाल मर्यादा सुचवली. मर्यादा म्हणून ७४ तास सुचवावे लागतात, यावरून प्रत्यक्ष स्थितीची कल्पना यावी. संशोधनाचे तास या ७४ च्या आत धरायचे की बाहेर, हा प्रश्न 'वाजवी' या विशेषणाने अनुत्तरित ठेवला आहे.

प्रबंधाचे रूप

एम. एस. च्या प्रबंधाकडे एक लेखनप्रकार म्हणून पाहिले, तर त्याचे संकेत पक्के झालेले दिसतात. शीर्षकात 'तुलनात्मक अभ्यास' हे शब्द आणि शेवटी 'तृतीय स्तरावरील रुग्णालयात' ही स्थलनिश्चिती. मग उद्दिष्टे, दीर्घ पूर्वसाहित्य परीक्षण, साहित्य व पद्धती, निरीक्षणे, चर्चा, निष्कर्ष आणि अखेरीस 'मास्टर चार्ट', म्हणजे प्रत्येक रुग्ण एका आडव्या ओळीत मावेल असा तक्ता. पूर्वसाहित्य परीक्षणाचा प्रारंभ बहुधा सुश्रुतापासून होतो. चर्चा हे प्रकरण मात्र अनेकदा दोन-चार परदेशी निबंधांतील टक्केवारीशी स्वतःची टक्केवारी ताडून पाहण्यात संपते. फरक का पडला, याचा ऊहापोह क्वचितच आढळतो.

या इंग्रजी ग्रंथात मराठीची पाने असतात ती परिशिष्टात: रुग्णासाठी माहितीपत्रक आणि संमतिपत्र. साहित्याच्या अभ्यासकाने थांबून वाचावीत अशी ही पाने आहेत. 'सदर संशोधन अभ्यासामध्ये मी स्वखुशीने सहभागी होत आहे' अशा धर्तीची कार्यालयीन मराठी त्यांत असते. या अभ्यासातून मिळणाऱ्या माहितीचा पुढे इतर रुग्णांना उपयोग होईल, अशा अर्थाचे एखादे वाक्यही असते. संपूर्ण प्रबंधात रुग्णाला समजेल अशा भाषेत केलेले विधान एवढेच, आणि तेही वचनाच्या स्वरूपाचे. ते वचन पाळण्याची क्षमता त्या प्रबंधाच्या रचनेत आहे काय, हा या लेखाच्या केंद्रस्थानी असलेला प्रश्न होय.

छत्तीस महिन्यांचे गणित

तीन वर्षे म्हणजे छत्तीस महिने. त्यांतील शेवटचे सहा महिने प्रबंध सादर झाल्यानंतरचे. विषय ठरवणे, आराखडा विद्यापीठाकडे पाठवणे, संस्थेच्या नैतिकता समितीची मान्यता मिळवणे यांत पहिले सहा-सात महिने जातात. आराखडा रुग्णावरील हस्तक्षेपाचा असेल, तर 'क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री – इंडिया' येथे नोंदणीही करावी लागते, आणि एप्रिल २०१८ पासून ती पहिला रुग्ण घेण्यापूर्वीच करणे बंधनकारक आहे. तीन महिने जिल्हा निवासी कार्यक्रमात जातात. विश्लेषण व लेखनाला तीन-चार महिने धरले, तर हाती सोळा महिन्यांच्या आसपास काळ उरतो. प्रत्येक रुग्णाचा एक वर्ष पाठपुरावा करायचा ठरवला, तर नवे रुग्ण घेण्यासाठी चारच महिने मिळतात.

अंतर्गळ, म्हणजे हर्निया, हे उदाहरण घ्यावे. मांडीच्या सांध्यातील हर्नियाची शस्त्रक्रिया ही रेसिडेंट सुरुवातीच्या काळात शिकतो त्या शस्त्रक्रियांपैकी एक. तिच्याबाबत रुग्णाच्या दृष्टीने महत्त्वाचा प्रश्न एकच: तो परत उद्भवेल काय? परंतु पुनरुद्भव दिसण्यास महिने, कधी वर्षे लागतात. त्यामुळे छत्तीस महिन्यांच्या चौकटीत हा प्रश्न बसत नाही आणि त्याची जागा दुसरे प्रश्न घेतात. शस्त्रक्रियेला किती मिनिटे लागली, चोवीस तासांनी वेदना किती होत्या, रुग्ण कितव्या दिवशी घरी गेला, हे ते प्रश्न. ते निरर्थक नाहीत. पण ते रुग्णाच्या गरजेतून आलेले नसून दिनदर्शिकेतून आलेले आहेत.

दुसरी अडचण संख्येची. साठ रुग्ण, तीस या गटात आणि तीस त्या गटात, ही प्रबंधाची परिचित मांडणी. एका पद्धतीत पुनरुद्भव दोन टक्के आणि दुसरीत चार टक्के आहे असे मानले, तर हा फरक संख्याशास्त्राच्या रूढ निकषांनुसार विश्वासाने ओळखण्यासाठी प्रत्येक गटात ११४० च्या आसपास रुग्ण लागतील. तीसच्या दोन टक्के म्हणजे सहा-दशांश रुग्ण. अशा अभ्यासाचा 'दोन्ही पद्धतींत लक्षणीय फरक आढळला नाही' हा निष्कर्ष अभ्यास सुरू होण्यापूर्वीच लिहून ठेवता येतो.

दोंडाईचा ते युगांडा

याच हर्नियाच्या संदर्भात महाराष्ट्रातील एक प्रकरण मोलाचे आहे. हर्नियावर आज पोटाच्या भिंतीत कृत्रिम जाळी बसवली जाते. व्यापारी जाळी गरीब रुग्णाला परवडत नाही. धुळे जिल्ह्यातील दोंडाईचा येथे काम करणारे शल्यचिकित्सक डॉ. रवींद्रनाथ टोणगावकर यांनी मच्छरदाणीचे कापड निर्जंतुक करून तिच्या जागी वापरले आणि इतर सहकाऱ्यांसह अनेक केंद्रांवरील प्राथमिक अनुभव २००३ मध्ये 'इंडियन जर्नल ऑफ सर्जरी'त मांडला. प्रश्न अस्सल होता, खेड्यातल्या रुग्णाच्या खिशातून आलेला होता आणि उत्तर आशादायक होते. तथापि प्राथमिक अनुभव म्हणजे सिद्धता नव्हे. स्वस्त जाळी आणि व्यापारी जाळी यांची यादृच्छिक विभागणीने केलेली आणि जगभर चर्चिली गेलेली तुलना 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये २०१६ साली आली, ती पूर्व युगांडातून. ३०२ पुरुषांवरील त्या चाचणीत एक वर्षानंतर स्वस्त जाळीच्या गटात एक पुनरुद्भव आढळला, व्यापारी जाळीच्या गटात एकही नाही. हा फरक अर्थपूर्ण ठरला नाही.

मधली तेरा वर्षे विचार करायला लावतात. या काळात महाराष्ट्रातील शासकीय आणि महापालिकेच्या रुग्णालयांत सर्जरीच्या रेसिडेंटांच्या तुकड्यांमागून तुकड्या बाहेर पडल्या. प्रत्येकाने प्रबंध लिहिला, प्रत्येकाने हर्निया शिवले. रुग्ण होते, शिकाऊ संशोधक होते, प्रश्नही घरचाच होता. नव्हती ती एका तुकडीचा प्रश्न पुढच्या तुकडीच्या हाती देण्याची व्यवस्था. प्रबंध हा विद्यार्थ्याचा वैयक्तिक मानला जातो. तो पदवी घेऊन गेला की त्याचे रुग्ण, त्याचा तक्ता आणि त्याचा प्रश्नही विभागातून निघून जातो. पुढच्या वर्षी आलेला विद्यार्थी नवा विषय शोधतो, कारण झालेला विषय पुन्हा घेता येणार नाही, असे त्याला सांगितले जाते. विज्ञानात पुनरावृत्ती हा गुण आहे. प्रबंधाच्या व्यवहारात तो दोष ठरला आहे.

शस्त्रक्रिया कशी शिकवतात

यावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो दुर्लक्षिण्यासारखा नाही. एम. एस. चा प्रबंध हा शोध नसून सराव आहे. त्यातून जगाला नवे ज्ञान मिळावे अशी अपेक्षाच चुकीची आहे. विद्यार्थ्याला पद्धती कळली की हेतू साधला, असा हा युक्तिवाद. सकृद्दर्शनी तो योग्य वाटतो. पण शल्यचिकित्सेने स्वतःच्या मुख्य कौशल्याच्या शिक्षणात तो कधीही मान्य केलेला नाही. पहिल्या वर्षाचा रेसिडेंट प्रथम रिट्रॅक्टर धरून उभा राहतो. मग त्वचेचे टाके त्याच्याकडे येतात. मग वरिष्ठ समोर उभा असताना तो हर्नियाचा एखादा टप्पा करतो आणि पुढे केव्हातरी पूर्ण शस्त्रक्रिया. प्रत्येक टप्प्यावरील शस्त्रक्रिया खरी असते, रुग्णाच्या हिताची असते आणि शिकणारा तिचा एक भाग असतो. सराव आणि खरे काम यांची अशी फारकत या विद्येत नाही.

संशोधनात मात्र क्रम उलटा आहे. ज्याने पूर्वी कधी एकाही अभ्यासात साहाय्यक म्हणून काम केलेले नाही, तो प्रवेशानंतर काही महिन्यांतच प्रमुख संशोधक होतो. मार्गदर्शक शीर्षक सुचवतो आणि सही करतो. आकडेवारीचे काम पुष्कळदा मोबदला घेऊन करणाऱ्या बाहेरच्या माणसाकडे जाते. शस्त्रक्रियागृहात अशा रीतीने कोणी काम केले, तर त्याला शिक्षण म्हटले जाणार नाही. आणि सराव म्हणून साठ रुग्णांची संमती घेतली असेल, तर संमतिपत्रातील त्या मराठी वाक्याचे काय? हे तुमच्या डॉक्टरच्या सरावासाठी आहे, असे त्यात लिहिलेले नसते.

सामूहिक प्रश्नांची उदाहरणे

व्यक्तीच्या मुक्कामापेक्षा जास्त काळ टिकणारा प्रश्न मुंबईतही चालवता येतो, याचे उदाहरण के. ई. एम. पासून पायी अंतरावर आहे. तोंडाच्या कर्करोगात मानेतील गाठी हाताला लागत नसताना त्या आधीच काढाव्यात, की उद्भवल्यावर काढाव्यात, हा वाद जुना होता. टाटा मेमोरियल रुग्णालयातील डॉ. अनिल डिक्रूझ व सहकाऱ्यांनी २००४ ते २०१४ अशी दहा वर्षे रुग्ण घेऊन या प्रश्नाची चाचणी केली. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पहिल्या ५०० रुग्णांच्या विश्लेषणात, आधीच गाठी काढलेल्या गटात तीन वर्षांनी ८० टक्के रुग्ण हयात होते, दुसऱ्या गटात ६७.५ टक्के. दहा वर्षांत तेथे शिकणाऱ्यांच्या कित्येक तुकड्या आल्या आणि गेल्या. प्रश्न जागेवर राहिला. टाटा मेमोरियलला अणुऊर्जा विभागाचा आधार आहे आणि महापालिकेच्या रुग्णालयाची ओपीडी तेथे नाही, हे मान्य करूनही मुद्दा उरतोच. दशकभर टिकण्यासाठी पैशाइतकीच गरज होती ती प्रश्न संस्थेचा आहे या जाणिवेची.

शिकाऊ शल्यचिकित्सकांनीच चालवलेल्या चाचण्यांचा मार्ग इंग्लंडमध्ये घडला. तेथील वेस्ट मिडलंड्समधील प्रशिक्षणार्थींनी संघटित होऊन 'रॉसिनी' ही चाचणी २१ रुग्णालयांत केली. पोटाच्या शस्त्रक्रियेत जखमेच्या कडांना लावायचे एक संरक्षक साधन जंतुसंसर्ग टाळते काय, एवढाच तिचा प्रश्न. ७६० रुग्णांनंतर उत्तर मिळाले: संसर्गाचे प्रमाण साधनासह २४.७ टक्के, साधनाविना २५.४ टक्के. साधन निरुपयोगी ठरले आणि २०१३ मध्ये ते तसे छापून आले. येथील तीस-तीसच्या प्रबंधातील 'फरक नाही' आणि हा 'फरक नाही' यांत मूलभूत अंतर आहे. पहिल्यातून काहीच कळत नाही. दुसऱ्यातून एक खर्च वाचतो.

भारत या प्रवाहापासून अलिप्त राहिलेला नाही. पोट शिवण्यापूर्वी हातमोजे व उपकरणे बदलावीत काय, हे पाहणाऱ्या 'चीता' या चाचणीत सात देशांतील ८१ रुग्णालयांचे १३ हजारांहून अधिक रुग्ण होते. लुधियानाचे ख्रिश्चन मेडिकल कॉलेज हे तिचे भारतातील मुख्य केंद्र. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार, एवढ्या साध्या कृतीने जखमेच्या संसर्गाचे प्रमाण १८.९ वरून १६ टक्क्यांवर आले. मुंबईच्या के. ई. एम. आणि शीव या रुग्णालयांनी दिल्ली व कोलकाता येथील रुग्णालयांसह २०१३ ते २०१५ या काळात अपघातग्रस्तांची नोंदवही चालवली. डॉ. नोबोजित रॉय यांच्या पुढाकाराने झालेल्या या प्रकल्पात १६ हजारांच्या आसपास रुग्णांची एकसारखी नोंद झाली. ही नोंद रेसिडेंटांनी नव्हे, तर त्यासाठी नेमलेल्या प्रकल्प अधिकाऱ्यांनी केली, हे विशेष. माहिती गोळा करणे हे प्रशिक्षित कारकुनी काम आहे आणि ते वेगळे केले, की विद्यार्थ्याला प्रश्न विचारण्यास अवकाश मिळतो. रात्रपाळीनंतर केस पेपर धुंडाळत वैद्यकीय अभिलेख कक्षात बसलेल्या रेसिडेंटकडून जिज्ञासेची अपेक्षा ठेवणे अन्यायाचे आहे.

प्रथम लेखकाचा अडसर

येथे २०२३ च्या नियमावलीकडे पुन्हा वळावे लागते. शोधनिबंधाचा पर्याय निवडणाऱ्या विद्यार्थ्याने 'प्रथम लेखक' असावे, अशी तिची अट आहे. सामूहिक चाचण्यांमध्ये निबंध गटाच्या नावे छापला जातो आणि शेकडो सहभागींची नावे सहयोगी म्हणून येतात. अशा चाचणीत पन्नास रुग्ण प्रामाणिकपणे नोंदवून त्यांचा वर्षभर पाठपुरावा करणारा विद्यार्थी या पर्यायाखाली पात्र ठरत नाही. एका रुग्णाची विरळ कथा एखाद्या सुमार नियतकालिकात स्वतःच्या नावे छापणारा ठरतो. नियम कोणत्या संशोधनाला बक्षीस देतो, हे यावरून उघड होते. कला, वाणिज्य व विज्ञान महाविद्यालयांच्या प्राध्यापकांना या न्यायाची ओळख करून देण्याची गरज नाही. २०१० नंतर गुणांकनासाठी उगवलेली नियतकालिके, त्यांना आवर घालण्यासाठी विद्यापीठ अनुदान आयोगाने आणलेली 'केअर' यादी आणि २०२५ मध्ये तिचाही झालेला शेवट त्यांनी पाहिलेला आहे.

प्रथम लेखकाची अट काढून तेथे 'नोंदणीकृत सामूहिक अभ्यासातील प्रमाणित सहभाग' असा पर्याय घालणे अवघड नाही. प्रबंधाबाबतही विद्यापीठाला असे म्हणता येईल, की विभागाने पाच ते सात वर्षांसाठी दोन-तीन प्रश्न जाहीर करावेत. एका तुकडीने रुग्ण घ्यावेत, पुढच्या तुकडीने त्यांचा पाठपुरावा करावा आणि प्रत्येकाने आपल्या वाट्याच्या भागावर स्वतंत्र प्रबंध लिहावा. यात नक्कल होईल, ही भीती खोटी नाही. परंतु आजच्या पद्धतीतही पूर्वसाहित्य परीक्षणे एकमेकांतून उतरतातच. निदान येथे उतरवण्याजोगे काही तरी साठत जाईल. मार्गदर्शकांचा विरोध अधिक खरा असेल, कारण आपल्या नावावरचा प्रबंध आणि विभागाच्या नावावरचा प्रश्न यांतील निवड त्यांना करावी लागेल.

जिल्ह्यातील तीन महिने

जिल्हा निवासी कार्यक्रमाच्या तीन महिन्यांकडे संशोधनाच्या वेळेतील तूट म्हणून पाहिले जाते, आणि वरील हिशेबात येथेही ते तसेच धरले आहेत. पण पाठपुराव्याच्या दृष्टीने पाहिले, तर हीच सर्वांत मोठी अलक्षित संधी ठरते. मुंबई, पुणे किंवा नागपूरच्या रुग्णालयात शस्त्रक्रिया झालेला नंदुरबारचा, उस्मानाबादचा (२०२३ पासून धाराशिवचा) किंवा गडचिरोलीचा रुग्ण वर्षभराने तपासणीसाठी परत येत नाही. प्रवासखर्च आणि बुडणारी मजुरी ही त्याची साधी कारणे. प्रबंधात तो 'पाठपुराव्यातून निसटलेला' म्हणून वगळला जातो. त्याच जिल्ह्याच्या रुग्णालयात राज्यातील कोणत्या ना कोणत्या वैद्यकीय महाविद्यालयाचा रेसिडेंट तीन महिन्यांसाठी असू शकतो. महाविद्यालयांनी आपापल्या शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांची यादी जिल्हावार वाटून घेतली, तर मुंबईत शिवलेला हर्निया नंदुरबारला तपासता येईल, आणि तपासणारा रेसिडेंट त्या अभ्यासाचा सहयोगी म्हणून नोंदवला जाईल. यासाठी नवे अनुदान लागत नाही. केस पेपरवर रुग्णाचे गाव व तालुका पूर्ण लिहिलेला हवा, घरातील चालू भ्रमणध्वनीचा क्रमांक हवा, कोणती जाळी कोणत्या पद्धतीने बसवली याची एक ओळ हवी, आणि एका महाविद्यालयाच्या नैतिकता समितीने दिलेली मान्यता दुसऱ्या ठिकाणी ग्राह्य धरली जायला हवी. यांपैकी पहिल्या तीन गोष्टी रेसिडेंटच्या हातात आहेत, चौथी नाही.